द्राक्षाची विद्या आणि आपली मुले

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय कळवावा, असे चिटणीसांचे पत्र आले तेव्हा उत्तरादाखल आम्ही ‘वाइनची विद्या’ असे दोनच शब्द लिहून धाडले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा दूरध्वनी आला. “गुरुजी, लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?” चूक झालेली नव्हती. शेवटी पत्रिकेत ‘द्राक्षाची विद्या’ असे छापण्याचे ठरले. तडजोड आम्ही मान्य केली, कारण द्राक्ष म्हटले की आपल्या सांगलीकरांची मान ताठ होते, आणि वाइन म्हटले की तीच मान खाली जाते. ही मान वर का जाते आणि खाली का जाते, याचाच विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि त्यापुढे शिक्षकाची पदविका, एवढेच. सारी हयात प्राथमिक शाळेत गेली, पहिली काही वर्षे खटाव तालुक्यात आणि पुढची सर्व तासगाव तालुक्यात. दर वर्षी २ ऑक्टोबरला मुलांच्या हाती फलक देऊन दारूबंदीची प्रभातफेरी काढणारे गुरुजी, अशीच आमची गावात ओळख होती. त्या ओळखीचा आम्हांस आजही अभिमान आहे. तरीही एका बाबतीत आमच्या हातून अन्याय झाला. तो येथेच, आपल्या संस्थेच्या शिक्षण निधी समितीत बसून झाला, म्हणून त्याची कबुलीही येथेच देणे उचित होय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला. तासगाव तालुक्यातील दोन एकर द्राक्षबागेच्या मालकाची ही मुलगी तिसरीच्या वर्गात आमच्याच हाताखाली शिकलेली. तिने हॉटेल व्यवस्थापनाची पदवी चांगल्या रीतीने संपादन केली होती आणि वाइनविषयक परीक्षांसाठी साठ हजार रुपये परतफेडीच्या बोलीवर मागितले होते. आपण ‘सोमेलिए’ होऊ इच्छितो, असे तिने अर्जात लिहिले होते. तो शब्द आम्हां पाचही सभासदांना ठाऊक नव्हता. तिने समजावून सांगितले. दोघे अनुकूल झाले, दोघे प्रतिकूल. निर्णय आमच्या मतावर येऊन ठेपला. आम्ही इतिवृत्तात स्वहस्ते लिहिले : ‘मद्यविषयक शिक्षणास संस्थेचा निधी देणे प्रशस्त वाटत नाही.’ मुलगी बाहेर व्हरांड्यात उभी होती. तिने निर्णय ऐकला, वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. तिच्या आईने पाटल्या गहाण टाकल्याचे पुढे कानी आले.

आता दुसरी बाजू ऐकावी. त्याच दिवशी, त्याच बैठकीत, एका मुलास मद्यार्क तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी आम्ही एकमताने साहाय्य मंजूर केले. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क करण्याची ती विद्या. त्या मद्यार्काचा बराच भाग आज पेट्रोलमध्ये मिसळला जातो हे खरे, पण देशी दारूही मळीच्या मद्यार्कापासूनच होते. तेथे कोणाही सभासदास प्रशस्त-अप्रशस्ताचा प्रश्न पडला नाही. कारखाना आपल्या परिचयाचा, नोकरी कायमची आणि उमेदवार मुलगा, म्हणून आमचा विवेक निवांत झोपून राहिला. ही विसंगती आमच्या ध्यानात यावयास दोन वर्षे लागली.

आमच्या विरोधास एक घरगुती कारणही होते. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही आप्पा म्हणत असू, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दारूपायी गेले. आधी हातभट्टी, मग देशी दुकान, शेवटी यकृताचा विकार. वहिनींनी शिवणयंत्रावर दोन मुले वाढविली. ज्या घरातून असे प्रेत निघाले आहे, त्या घरातील माणसाच्या डोळ्यांपुढे बाटली म्हटली की एकच बाटली उभी राहते. आमचेही तसेच झाले. परंतु स्वतःच्या दुःखाने दुसऱ्याच्या मुलीचा न्याय करणे, हे समितीच्या सभासदाचे काम नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळू. सोमेलिए म्हणजे कोण? शब्द फ्रेंच आहे. जुन्या काळी सरदार-दरकदारांच्या प्रवासात ओझ्याची जनावरे आणि त्यांवरील सामान सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे ते नाव होते. पुढे तोच कोठारातील अन्नपेयांचा कारभारी झाला आणि अखेर केवळ वाइनचा जाणकार. आपल्याकडील काही मंडळी या शब्दाचा संबंध वेदांतील सोमाशी जोडतात, पण ते केवळ उच्चाराचे साम्य आहे. आपला अभिमान अशा आधारावर टांगू नये. टांगावयाचाच असेल तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रावर टांगावा. त्या ग्रंथात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. द्राक्षाच्या मद्यास तेथे ‘मधु’ म्हटले असून ते ज्या प्रदेशातून येते त्यावरून त्याची नावे दिली आहेत. प्रदेश बदलला की रस बदलतो, ही ओळख आपल्या भूमीत इतकी जुनी आहे.

ही गोष्ट आपल्या बाजारातही रोज घडते. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात मुरलेला व्यापारी हळकुंड मोडतो, नाकाशी नेतो आणि माल राजापुरी आहे की परप्रांतीचा, ते सांगतो. साताऱ्याचा कंदी पेढा जिभेवर ठेवला की खवा किती भाजला आहे, ते जुना गिऱ्हाईक ओळखतो. यालाच आपण पारख म्हणतो. सोमेलिए हा वाइनचा पारखी. मात्र त्याच्या पारखीस आतिथ्याची जोड असावी लागते. कोणत्या अन्नासोबत कोणती वाइन रुचेल, पाहुण्याच्या ऐपतीत काय बसेल, कोठारात काय किती ठेवावे, कोणत्या उष्णतामानात ठेवावे, हे सारे त्याच्याकडे असते. पांढरी वाइन सुमारे ८ ते १२ अंश सेल्सियस इतकी थंड द्यावी, तांबडी १६ ते १८ अंशांवर. बाटली प्रथम यजमानास दाखवावी, त्यावरील नाव व साल वाचून दाखवावे, त्याच्यासमोर बूच काढावे, घोटभर त्यासच चाखावयास द्यावी आणि त्याने मान डोलावल्यावर मग इतरांस वाढावी. आपल्या पंगतीत वाढप्याने कोठून सुरुवात करावी आणि मीठ पानावर कोठे वाढावे याचे नियम आहेत, तशीच ही शिस्त समजावी.

वाइन आणि दारू यांतील फरकही एकदा नीट समजून घ्यावा. द्राक्षाच्या रसातील साखरेचे यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवांकडून मद्यार्कात रूपांतर होते. तांबड्या वाइनमध्ये रस सालीसह आंबविला जातो, पांढरीत साल आधीच वेगळी काढतात. हे द्रव्य भट्टीवर चढवून अर्क काढीत नाहीत, म्हणून त्यात मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ११ ते १४ टक्के राहते. आपल्याकडील व्हिस्की, रम यांत ते सुमारे ४२.८ टक्के असते. फरक आहे तो प्रमाणाचा. मद्यार्क दोन्हींत एकच आहे, हे विसरून चालणार नाही, आणि त्याविषयी आम्ही पुढे बोलणार आहोत.

मंडळी, या विद्येचे मूळ द्राक्षात आहे आणि द्राक्ष तर आपल्या अंगणात आहे. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, खानापूर, जत हे तालुके द्राक्षावर जगतात. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथील बागेत थॉम्पसन वाणातून ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडला गेला आणि तो देशभर पसरला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि त्या बेदाण्यास ‘सांगली बेदाणा’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासही असेच मानांकन आहे. अमुक चव अमुक मातीचीच, असे सरकारदरबारी नोंदविणे हा त्याचा अर्थ. फ्रान्समध्ये वाइनच्या बाबतीत हाच विचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

परंतु खाण्याचे द्राक्ष वेगळे आणि वाइनचे वेगळे. बाजारात आपणांस बिनबियांचा, मोठ्या मण्यांचा, पातळ सालीचा घड हवा असतो. वाइनला लहान मणी, जाड साल, बी आणि अधिक साखर लागते. साखर साधारण २२ ते २४ अंश ब्रिक्सपर्यंत चढू देतात. वाणही निराळे : शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ, शेनिन ब्लां, सोव्हिन्यॉ ब्लां. युरोपात वेलीची छाटणी वर्षातून एकदा होते आणि काढणी शरद ऋतूच्या सुमारास. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. म्हणजे तिकडच्या पुस्तकातील ऋतुचक्र आपल्या रानात जसेच्या तसे लागू पडत नाही. ते येथील मनुष्यानेच शिकावयास हवे.

महाराष्ट्रात या उद्योगाची सुरुवात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी केली. त्यांची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन १९८० च्या दशकात परदेशातही गेली. नाशिक येथे राजीव सामंत यांच्या कारखान्यातून २००० साली पहिली वाइन बाहेर पडली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे व आपल्या सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्याने उभी राहिली. फलटणहून पूर्वेस अकलूजच्या परिसरात इटलीतील भागीदारांच्या सहकार्याने बागा लागल्या. पलूसच्या उद्यानाची वार्ता आली तेव्हा आपल्या कितीतरी बागायतदारांनी बिनबियांचे वेल काढून वाइनचे वाण लाविले. आणि मग २००८ साल उजाडले. जगभर आर्थिक मंदी आली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप कोसळला. माल घेण्यास कोणी येईना. वाइनचे द्राक्ष खावयास विकता येत नाही, त्याचा बेदाणाही होत नाही. शेतकऱ्यांनी लाविलेले वेल स्वतःच्या हातांनी उपटले.

या अर्जदार मुलीच्या वडिलांनीही एक एकर उपटला होता. आमच्या समितीपुढे तिने जे सांगितले ते आज आठवते. ती म्हणाली होती, “गुरुजी, आमच्या आबांनी द्राक्ष पिकवलं, पण ते द्राक्ष कोण पितं, त्याला त्यात काय आवडतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मला ते टोक बघायचं आहे.” पिकविणारा एका टोकास आणि पारखणारा दुसऱ्या टोकास, आणि मधल्या वाटेवर आपला मनुष्य एकही नाही, ही आपल्या शेतीची जुनी व्यथा आहे. एका लहान मुलीने ती नेमकी ओळखली होती. आम्हां पाच जाणत्यांस ती ओळखता आली नाही.

या शिक्षणाच्या पायऱ्या कोणत्या, तेही पालकांच्या माहितीसाठी सांगतो. बारावीनंतर हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवीचा मार्ग सर्वांत सरळ. केंद्र सरकारशी संलग्न अशा संस्था देशभर आहेत, त्यांची प्रवेशपरीक्षा एकच असते. मुंबईत दादर येथील संस्था १९५४ सालची आहे. त्यापुढे वाइनच्या खास परीक्षा. लंडन येथे १९६९ साली स्थापन झालेल्या ‘वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट’ या संस्थेच्या परीक्षा आपल्या देशातही देता येतात. त्यांच्या चार पायऱ्या असून शुल्क प्रत्येक पायरीस वाढत जाते. दुसरा मार्ग ‘कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिए’ या संस्थेचा. तिच्या अखेरच्या परीक्षेत नाव झाकलेल्या सहा वाइन समोर ठेवतात आणि पंचवीस मिनिटांत त्यांचे द्राक्ष, देश, प्रदेश व साल सांगावयाचे असते. सर्वांत मोठा मान ‘मास्टर ऑफ वाइन’ या पदवीचा. लेखी प्रश्नपत्रिका, प्रत्येकी बारा वाइनच्या चाखण्याच्या तीन परीक्षा आणि शेवटी संशोधनपर निबंध, असे तिचे स्वरूप आहे. ही परीक्षा १९५३ सालापासून घेतली जाते. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ साली या पदवीस पोहोचल्या. भारतातून हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच. हे यश एका स्त्रीने मिळविले, याची नोंद आपल्या भगिनींनी घ्यावी.

ज्यांस हॉटेलात काम करावयाचे नाही, त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, ते १९९७ साली स्थापन झाले. तेथेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइननिर्मितीच्या शास्त्राचे शिक्षण मिळते. शास्त्र शाखेच्या मुलांनी तो मार्ग अवश्य पाहावा.

आता आक्षेपांचा विचार करू. ते मनात ठेवून घरी जाणे बरे नव्हे.

पहिला आक्षेप आरोग्याचा, आणि तो खरा आहे. थोडी वाइन हृदयास हितकर, असे पूर्वी पुष्कळ बोलले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही. कर्करोगाच्या ज्ञात कारणांत मद्यार्काची गणना आहे. म्हणून, ‘गुरुजींनी वाइन चांगली म्हणून सांगितले’ असे कोणी घरी जाऊन सांगू नये. आम्ही आजवर वाइन घेतलेली नाही आणि आता या वयात घेण्याचा विचारही नाही.

दुसरा आक्षेप असा की, ज्यास दिवसभर बाटल्यांत वावरावयाचे तो व्यसनी होणारच. हा धोका नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या विद्येत चाखणे आणि पिणे या दोन भिन्न क्रिया आहेत. जाणकार मनुष्य वाइन डोळ्यांनी पाहतो, नाकाने हुंगतो, तोंडात घोळवितो आणि पिकदाणीत टाकतो. ज्याने घोट गिळला त्याची जीभ दहाव्या नमुन्यास बोथट झाली म्हणून समजा. म्हणजे संयम हा येथे व्यवसायाचा भाग आहे. तो ज्याच्या अंगी नाही, त्याने या वाटेस जाऊच नये.

तिसरा आक्षेप कायद्याचा. महाराष्ट्रात वाइन व बिअर यांसाठी वयाची मर्यादा २१ वर्षे आहे आणि इतर कडक मद्यासाठी २५. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा असून तो आजही या राज्यात लागू आहे. तेव्हा पुस्तकी अभ्यास लवकर करावा, पण चाखण्याचा अभ्यास एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून करू नये. हा विषय लोकांच्या भावनेचाही आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्याची परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा त्यावर केवढे वादळ उठले ते आपणांस आठवत असेलच. वाइन किराण्याच्या फळीवर असावी की नसावी, हा एक प्रश्न. त्यावर आमचे मत आजही नसावी असेच आहे. आपल्या मुलीने त्या विषयाचे शास्त्र शिकावे की नाही, हा दुसरा. आम्ही या दोहोंची गल्लत केली होती.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. मुलगी असल्या धंद्यात गेली तर स्थळ कसे येणार? यास आमचे उत्तर थोडके आहे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेविषयी आणि विमानातील सेविकेविषयीही एकेकाळी आपण असेच बोलत होतो. पुढे त्यांच्याच पगारावर भावांची शिक्षणे झाली.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही मुंबईस गेलो होतो. या मुलीस कोठून तरी कळले. ती घरी आली आणि आग्रह करून आम्हांस ती काम करते त्या हॉटेलात घेऊन गेली. दुपारची वेळ, दालन रिकामे होते. तिने आम्हांस लिंबाचे सरबत दिले आणि स्वतःची एक वही समोर ठेवली. शंभर पानी, रेघांची, आपल्या शाळेत असते तशीच. त्यात तिने वासांची नोंद केली होती, आणि तीही मराठीत. कारण असे की, परीक्षेच्या पुस्तकांत ज्या फळांचे वास सांगितलेले असतात ती विलायती फळे तिने कधी पाहिलीही नव्हती. ज्याचा वास माहीत नाही तो वाइनमध्ये शोधावा कसा? मग तिने आपल्या रानातले वास जोडले. सोव्हिन्यॉ ब्लां म्हणजे पाडाचा पेरू आणि हिरवी ढोबळी मिरची. शिराझ म्हणजे जांभूळ आणि नुकतीच कुटलेली काळी मिरी. बूच खराब होऊन बिघडलेली वाइन म्हणजे पावसाळ्यात भिजलेले गोणपाट. वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते : ‘पहिल्या पावसानंतरचा आमच्या बांधाचा वास.’ तिसरीच्या वर्गात आम्ही ‘माझे शेत’ या विषयावर निबंध लिहून घेत असू. तो निबंध ती अद्याप लिहीतच होती.

भुरी आणि दावण्या हे वेलीचे रोग तिला लहानपणापासून पाठ. ती म्हणाली, “गुरुजी, माझ्यासोबतची मुलं शहरातली. त्यांनी वेल चित्रात पाहिलेला. परीक्षेत रोगाचा प्रश्न आला की मला आबांची फवारणी दिसायची.”

आम्ही तिला आप्पांची हकीकत सांगितली. इतिवृत्तातील तो शेरा कोणी लिहिला होता, हेही सांगितले. तिला ते ठाऊक होते. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्या कामात, पाहुण्याला जास्त होतंय असं दिसलं की पुढचा पेला भरायचा नाही, हेही शिकवतात. नम्रपणे ‘आता पुरे’ म्हणायचं. पाहुणा कितीही मोठा असला तरी. मी दोनदा तसं सांगितलं आहे, एकदा बोलणंही खाल्लं.”

परतीच्या प्रवासात आम्ही कराड येईपर्यंत त्याच शब्दाचा विचार करीत होतो. आप्पांना ज्या ज्या दुकानात दारू मिळाली, तेथे कोणीही त्यांस ‘आता पुरे’ असे म्हटले नाही. विकणाऱ्यास बाटलीची किंमत ठाऊक होती. समोरच्या मनुष्याची नव्हती. ज्या मुलीच्या शिक्षणास आम्ही दारू म्हणून नकार दिला, ती मुलगी जे शब्द शिकली, ते शब्द आमच्या भावास हवे होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्यास वसतिगृह चालविले, तेव्हा श्रमास त्यांनी विद्येच्या बरोबरीने बसविले. कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही, हा धडा साताऱ्याच्या मातीत आपण शिकलो. तो नव्या कामांनाही लागू करावा, एवढीच आमची विनंती आहे.

शेवटी शिक्षण निधी समितीपुढे तीन सूचना ठेवितो. पहिली, अर्जदाराच्या विषयाचे नाव ऐकून निर्णय करू नये. ते शिक्षण देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे काय, पुढे उपजीविका होईल काय आणि कायद्याचे बंधन पाळले जाते काय, हे तीनच प्रश्न विचारावेत. दुसरी, या व्यवसायातील जागा थोड्या आहेत आणि त्या बहुधा मुंबई, पुणे, गोवे, दिल्ली, बंगळूर अशा ठिकाणी आहेत. म्हणून हॉटेल व्यवस्थापनाची पदवी हाती असल्यावाचून केवळ या परीक्षांसाठी कर्ज देऊ नये आणि कोणा मुलास खोटी आशा लावू नये. तिसरी, ज्या घरात व्यसनाने घात केला आहे, त्या घरातील मुलाने ही वाट धरण्यापूर्वी वडील माणसांनी त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे. बंदी घालू नये, पण बोलल्यावाचून पाठवूही नये.

आणि एक वैयक्तिक विनंती अध्यक्ष महाशयांना आहे. त्या मुलीने मागितलेली साठ हजारांची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनाच्या शिलकीतून आज निधीत जमा करीत आहोत. तिला आता तिची गरज नाही. आईच्या पाटल्या तिने केव्हाच सोडविल्या. ही रक्कम पुढच्या अशा अर्जदारासाठी ठेवावी, ज्याच्या विषयाचे नाव समितीतील कोणासही ठाऊक नसेल. तिला आमचे नाव देऊ नये. द्यावयाचेच तर आप्पांचे द्यावे.

 गुणवंत विद्यार्थ्यांस आशीर्वाद देतो आणि आमचे भाषण येथेच पुरे करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!